काळं धरलेली भांडी

परंडा,
सोमवार, दुपार

प्रिय अक्का,

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे. आत्ता जेवून अंगणात लिंबाखाली बाजेवर पडली आहे आणि मी ऑफिसला दांडी मारून उंबऱ्यात बसून हे लिहितेय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. रागावून नव्हे. इतकी वर्षं वर्गात शिकवलंस त्याची सवय असेल. माझं अर्धं वाक्य झालं की तू ‘हं, कळलं गं’ म्हणतेस आणि मग मलाही वाटायला लागतं की कळलं असेल. कागद मधे बोलत नाही. तुझ्या हर्षालीचा टेम्पो गुरुवारी आईची भांडी न्यायला येतोय. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच पोस्टात टाकते.

पुण्यात आबांच्या कामाचं प्रदर्शन भरतंय याचा मला आनंद आहे. पुढं मी जे काही लिहीन ते वाचूनसुद्धा यावर विश्वास ठेव. कोल्हापूरच्या स्टुडिओत एका माणसानं आयुष्यभर सेट सजवले आणि पडद्यावर नाव यायचं कलादिग्दर्शकाचं. भिंती सुतार उभ्या करायचे, रंगारी रंगवायचे, पण त्या भिंतींच्या आत कुणीतरी खरंच राहतंय असं वाटायला लावायचं, ते काम आबांचं. खुंटीवर कुठला सदरा, कोनाड्याखाली तेलाचा ओघळ कुठवर, उंबरा किती झिजलेला. आज त्यांची नातच त्यांचं काम लोकांपुढं मांडतेय. मागच्या महिन्यात ती आली होती तेव्हा म्हणाली, “मावशी, नात म्हणून नाही सांगत, पण त्या काळातल्या बाकीच्या सिनेमांतली स्वयंपाकघरं बघ आणि आबांची बघ. आबांची चूल खोटी वाटतच नाही.” मी हसले. ती खोटी नव्हतीच, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुला भांड्यांची खेप आठवत असेल ती कोल्हापुरात पोचल्यानंतरची. मी ती इथं भरताना पाहिली आहे. आबा नवं सामान घेऊन यायचे. कोल्हापूरच्या बाजारातल्या घागरी, पातेली, परात, लोखंडी तवे, कधी एखादी नवी वाकळ. सगळं नवंकोरं, चकचकीत, डोळ्यांत जाणारं. ते आईच्या पुढ्यात ठेवायचे आणि पुन्हा जायचे. मग आईनं ते वापरायचं. त्यात आमटी उकळायची, अंघोळीचं पाणी तापवायचं, वाकळ अंगाखाली घालायची. नियम एकच होता. भांडं आतून लख्ख घासायचं, बाहेरून हात लावायचा नाही. बाहेरच्या बाजूनं भांड्यानं काळं धरलं पाहिजे, थरावर थर, कडेपर्यंत. रंगानं केलेलं काळं कॅमेऱ्याला कळतं असं ते म्हणायचे. रंगाचं काळं सगळीकडं सारखं बसतं. चुलीचं काळं जिकडून जाळ लागतो तिकडं जाड, हात धरतो तिथं पुसट. ती पुसट जागा म्हणजे आईची बोटं. मग सहा-आठ महिन्यांनी आबा यायचे. आई पदर सारखा करून दारात उभी असायची, मी तिच्या मागं. आबा आधी चुलीपाशी जायचे. भांडं उजेडात धरून फिरवायचे, अंगठ्यानं काळं दाबून बघायचे. पसंत पडलं तर “झालं तयार” म्हणायचे. नाही पडलं तर “अजून कच्चं आहे,” आणि ते भांडं आणखी एका खेपेपर्यंत राहायचं. आमच्याकडं बघायचे ते त्यानंतर. तयार झालेलं सगळं कडब्यात गुंडाळून, पोत्यात शिवून, एसटीच्या टपावरून कुर्डुवाडीला आणि तिथून रेल्वेनं पुढं जायचं. दुसऱ्या दिवशी घरात पुन्हा सगळं नवं. अक्का, माझं सगळं लहानपण अशा भांड्यांत शिजलंय जी आपली व्हायला लागली की निघून जायची.

वस्तीतल्या बायका आईला काय बोलायच्या ते तुझ्या कानावर फारसं आलेलं नाही. त्या वर्षांत आपल्या लोकांनी स्वच्छतेचा ध्यासच घेतला होता. विहारात दर आठवड्याला तेच सांगितलं जायचं, घरं सारवा, लेकरं धुवा, भांडी घासा, गावानं बोट दाखवायला जागा ठेवू नका. आणि आपल्याच घरात चुलीपुढं काळीकुट्ट उतरंड. बानूबाई दारातून ओरडायची, “सरे, तुज्या हाताला काय मेंदी लावलीया का गं? बूड घासत न्हाईस ते!” आई म्हणायची, “मालकाचं काम हाय ते.” बानूबाई म्हणायची, “भारी गं बाई मालक तुजा. लोकांचे मालक बायकूला घासाय लावत्यात, ह्येचा घासू नगं म्हणतो.” सगळ्या हसायच्या, आईसुद्धा हसायची. पण विहारातून पाहुणे येणार असले की ती उतरंडीपुढं साडीचा पडदा बांधायची. घासलं मात्र कधीच नाही.

सिनेमा आईनं एकदाच पाहिला. अणदूरला, माहेरी गेलेली असताना, खंडोबाच्या यात्रेत तंबू लागला होता. मी तेव्हा जन्मले नव्हते. तू तिच्या मांडीवर होतीस, पण तुला आठवत नसेल. मला ती गोष्ट आईनं इतक्या वेळा सांगितली आहे की मीच तिथं होते असं वाटतं. पडद्यावर एका पाटलाचं स्वयंपाकघर आलं आणि आईनं गोष्ट बघायची सोडून दिली. तिची पातेली होती तिथं. तवा होता. आणि घडवंचीवर तिच्या आईची घागर होती. ती खेपेतली नव्हे. आजीनं लग्नात दिलेली, आईची स्वतःची. एका खेपेला घागर कमी पडली म्हणून आबांनी न विचारता ती पोत्यात घातली होती. आई म्हणाली, “अगं, ती माज्या आयची घागर!” मागून कुणीतरी म्हणालं, “गप बस की बये, शिनिमा बघू दे.” तेवढ्यात पडद्यावरच्या पाटलानं त्या घागरीतून तांब्या भरून घेतला आणि घटाघटा पाणी प्याला. आईनं तोंडात पदर कोंबला. तंबूत अर्धं गाव बसलं होतं. त्यातल्या एकानंही आईच्या घरच्या घागरीचं पाणी तोंडाला लावलं नसतं, आणि सगळे माना वर करून बघत होते. त्या पाटलाला तर पाणी गोड लागलेलं दिसत होतं. आई हे सांगताना अजून हसते. पण पुढं ती नायिका घागर घेऊन विहिरीवर जाते, जीव देते, आणि घागर काठावरून घरंगळत खाली पडते. सगळा तंबू नायिकेसाठी रडला, आई घागरीसाठी. आबा आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, “काढली का न्हाई वर?” आबा हसून म्हणाले, अगं, विहीर लाकडाची होती, खाली गाद्या होत्या, घागर स्टोअरात नीट आहे. तेव्हापासून तिचं एक मागणं सुरू झालं. मला एकदा तिकडं न्या. माझी भांडी कुठं मांडता ते मला बघू द्या. आबा म्हणायचे, “पुढच्या खेपेला.”

त्याऐवजी आबांनी तुला नेलं. तू आठ वर्षांची होतीस, हुशार होतीस, कोल्हापुरात शाळा चांगल्या होत्या. मला तुझा राग नाही, मी तर तेव्हा नव्हतेच. माझ्यासाठी अक्का म्हणजे सुट्टीत येणारी पाहुणी, जिला गव्हाची पोळी करायची आणि जी आबांच्या सेटच्या गोष्टी सांगायची: कुठल्या वाड्याला मागची बाजू नव्हती, कुठल्या खोट्या ओसरीवर बसून तू अभ्यास केलास. तू त्या ओसऱ्यांवर मोठी झालीस, अक्का. मी आणि आई त्यांच्यासाठी काळं करत होतो. तुझे आबा आणि माझे आबा हे एकच गृहस्थ होते हे मला मोठेपणीसुद्धा स्वतःला समजावून सांगावं लागलं आहे.

मग ते दिवसच संपले. सिनेमे रंगीत झाले, खऱ्या गावांत जाऊन काढायला लागले आणि खऱ्या गावात चूल आयतीच मिळते. शेवटची खेप घेऊन आबा आले, आणि ज्या चित्रपटासाठी ती होती तो उभाच राहिला नाही. भांडी न्यायला कुणी आलं नाही. काही महिन्यांनी आबाच आले, कायमचे. स्टुडिओच्या स्टोअरातलं सामान कुणीकुणी नेलं, त्यात काय काय गेलं ते त्यांनी आईला सांगितलं नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. पण ती शेवटची खेप राहिली. तिची राहिली. गॅस आला, कुकर आला, तरी सकाळची भाकरी आणि आमटी ती मागच्या चुलीवर त्याच भांड्यांत करते. आणि बाहेरून अजून हात लावत नाही. मी एकदा म्हटलं, आता कशाला, आता कोण बघायला येतंय? ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तयार हुत्यात.” चाळीस वर्षांचं काळं आहे त्यांच्यावर. हर्षाली त्यांच्यापुढं मांडी घालून बसली. तिच्याबरोबरचा मुलगा एकेका भांड्याचे फोटो काढत होता. त्यानं पातेल्याला हात लावला तर आई म्हणाली, “बाळा, लागंल. निघत न्हाय ते लवकर.”

हर्षालीनं भांडी मागितली तेव्हा आईनं एका शब्दानंही नाही म्हटलं नाही, हेही मला तुला सांगायचं आहे. तिला आनंद झाला होता. पुण्यात खोली उभारणार, चूल मांडणार, भांडी रचणार, लोक बघायला येणार. हर्षाली गेल्यावर ती म्हणाली, “टेंपूत पुढं बसंन म्या, खिडकीला. भांडी कशी धरायची ते डायवरला काय ठावं?” तिनं गृहीतच धरलं होतं. कडबा कुठं मिळेल, पोती कुणाकडून आणायची, सगळं तिनं ठरवलं. वस्तीत सांगून आली. बानूबाई म्हणाली, “जा बाई. तुज्या काळ्याला पुण्याचं बोलावणं आलं.”

मग हर्षालीनं मला फोनवर तो मजकूर पाठवला, खोलीबाहेर लावायच्या पाटीचा. शुद्धलेखन बघून दे म्हणाली. त्यात लिहिलंय की पितळी आणि तांब्याच्या भांड्यांना काळाचा स्पर्श देण्याची बाबूराव परंडेकर यांची स्वतःची अशी पद्धत होती. आणि ही भांडी त्यांनी मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांतून पारखून गोळा केली. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिनं विचारलं, “आजून काय लिव्हलंय?” मी म्हटलं, संपलं. मी हर्षालीला फोन केला, तर ती गोंधळली. म्हणाली, “मावशी, मी आधी ‘घरातून’ असंच लिहिलं होतं. मम्मी म्हणाली, वाडा लिही, ते बरं दिसतं.”

वाडा हा शब्द तुझा नाही, अक्का. आबांचा आहे. ते गेले त्या उन्हाळ्यात, दुपारी याच बाजेवर ते पडले होते आणि मी त्यांना वारा घालत होते. मी विचारलं, आईला एकदाही का नेलं नाहीत? मला वाटलं ते टाळतील. पण ते म्हणाले, “तिकडं मी सांगितलं होतं, भांडी पाटलाच्या वाड्यातली आहेत. माझी तिथं वट आहे, म्हणून देतात. ती आली असती तर कुणीतरी तिलाच विचारलं असतं, बाई, तुम्ही कुणाच्या? सिनेमातल्या बाया ती भांडी हातात घेऊन काम करायच्या, पोरी. त्यांनी टाकून दिली असती.” मग म्हणाले, “माझं काम गेलं असतं.” मी त्यांना दोष दिला नाही. तो काळ तसा होता, आणि माणूस एकटा होता. पण आज तुला काय जातंय? निवृत्त व्हायला आलीस. तुझी मुलगी शिकली, तिला लाज नाही, ती आपल्या अंगणात मांडी घालून बसते. ते खोटं आबांनी पोटासाठी सांगितलं. तू ते निव्वळ शोभेसाठी सांगतेयस.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला होता. हे तुला माहीत नव्हतं. आई शेजारी लसूण सोलत होती. तू म्हणालीस, आईला आणू नकोस, प्रवास तिला झेपायचा नाही. मी म्हटलं, झेपेल. तू म्हणालीस, “अगं, तिथं कसली कसली माणसं येणार, कोणीतरी माईक पुढं करणार, आणि ती काहीबाही बोलून जाईल. कार्यक्रम आबांचा आहे. तिला पुढच्या वेळी नेऊ.” मी हात धुऊन फोन उचलेपर्यंत तू ‘कळलं ना’ म्हणून ठेवूनही दिला होतास. आईनं लसूण सोलून पूर्ण केला. सालपटं सुपात गोळा केली. मला म्हणाली, मीठ बघून टाक.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते सांगते. काल रविवारी मी बाजारातून आले तर अंगणात वस्तीतल्या बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधे ती शेवटची खेप, सगळीच्या सगळी. चिंचेचं पाणी, राख, विटकरीचा भुगा, आणि आईच्या हातात विळा. ती पातेल्याचं बूड खरवडत होती, लाकडाची साल निघावी तशा खपल्या निघत होत्या. बानूबाई नारळाच्या शेंडीनं परात घासत म्हणाली, “सरे, उभा जल्म वरडून वरडून थकलो आमी. आत्ता सुचलं व्हय?” आई म्हणाली, “आदुगर सवड न्हवती.” सिताबाई म्हणाली, “तुजा मालक वरून बघत असंल की गं.” आई म्हणाली, “बघू दे. वरून बूड दिसत न्हाय.” सगळ्या खदखदून हसल्या. मी पिशवी टाकून धावले. म्हटलं, आई, काय करतेस, हर्षालीला तेच तर हवं आहे. तिनं मान वर न करता सांगितलं, “भांडी तुज्या बापानं आणली हुती. त्येंच्या नावाचं हाय तर खुशाल न्हेऊ द्या. काळं म्या धरवलंय. त्ये हितंच ऱ्हातंय.” तेवढंच. रागानं नव्हे. ज्या आवाजात तिनं मला मीठ बघायला सांगितलं त्याच आवाजात. मग मीही साडी खोचून बसले. दिवस मावळेपर्यंत घासत होतो. आत्ता ती भांडी माझ्यासमोर ओळीनं पालथी घातली आहेत आणि उन्हात त्यांच्याकडं बघवत नाही. टेम्पो येईल तेव्हा मी ती मोजून, कडब्यात गुंडाळून, नीट लावून देईन. एकही ठेवून घेणार नाही. आई येणार नाही. आता तू गाडी घेऊन स्वतः आलीस तरी येणार नाही, मी विचारून पाहिलं. हर्षालीला हे तू सांग, माझ्याच्यानं सांगवणार नाही. ती पोर रडेल आणि तिची चूक सगळ्यांत कमी आहे. आणि उद्घाटनाला अजून अवकाश आहे. आबांची स्वतःची पद्धत होती असं पाटीवर लिहिलंच आहे, तर त्या पद्धतीनं ती पुन्हा काळी करून घ्या.

तुझीच,
पौर्णिमा